कळलावी: गौरीचे हात आणि नांगराचा कंद

मिरगाचा पाऊस लागून तीन-चार आठवडे झाले की आमच्या गावच्या गडग्यावर, म्हणजे चिऱ्यांच्या कुंपणावर, करवंदीच्या जाळीतून एक नाजूक हिरवा वेल डोकं वर काढतो. आषाढात त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. श्रावण उजाडला की मात्र वाटेने जाणारा माणूस थबकतो. जाळीवर कोणीतरी लहान लहान मशाली पेटवून ठेवल्यात असं वाटतं. पाकळ्या मुळाशी पिवळ्या, टोकाला लालभडक, कडा कुरळ्या, आणि सगळ्या ज्वाळेसारख्या वर वळलेल्या. ही कळलावी.

सात-आठ वर्षांची असताना मी त्यातलं एक फूल तोडून घरात आणलं होतं. आजी पडवीत तांदूळ निवडत बसली होती. माझ्या हाताकडे बघून तिने सूप खाली ठेवलं. "टाक ते बाहेर. गडग्यापलीकडे टाक. घरात कळ लागते त्याने. आणि हात धुतल्याशिवाय तोंडाला लावू नकोस." मी रडले होते, एवढं आठवतं. पुढे भाद्रपदात तेरड्याची गौर आणायला गेलो तेव्हा हीच फुलं पाहून आजीने हात जोडले आणि म्हणाली, "हे गौरीचे हात." कोकणात बऱ्याच ठिकाणी या फुलाला याच नावाने ओळखतात. एकच फूल श्रावणात घराबाहेर आणि भाद्रपदात गौरीचे हात कसं, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलेला आहे. उत्तर शोधताना मी भाषेतून वैद्यकात, तिथून रसायनशास्त्रात आणि शेवटी कलिंगडाच्या शेतात जाऊन पोचले.

सुरुवात नावापासून करू. मराठीत 'कळ' म्हणजे भांडण. आपण कळ काढतो, कळ लावतो, दोघांत आग लावून देणाऱ्याला कळलाव्या किंवा कळीचा नारद म्हणतो. 'कळ' म्हणजे वेदनाही. पोटात कळ येते, बाळंतिणीला कळा सुरू होतात. हे दोन्ही अर्थ या वेलाला चिकटलेले आहेत. फूल घरात आलं की घरात भांडणं लागतात, ही एक समजूत. याचं मूळ अडलेल्या बाईला कळा आणतं, ही दुसरी. भांडणाची समजूत फक्त आपल्याकडचीच नाही. संस्कृतात हिचं एक नाव कलिकारी, म्हणजे कलह लावणारी, आणि हिंदीतली कलिहारी त्याच कुळातली. इतक्या दूरदूरच्या माणसांनी एकाच फुलावर एकच आळ घेतला, तेव्हा त्यामागे काहीतरी पाहिलेलं, सोसलेलं असणार असं मला वाटतं.

सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथात हिची नावं एका श्लोकात ओवलेली आहेत: कलिहारी, हलिनी, लांगली, शक्रपुष्पी, विशल्या, अग्निशिखा, अनंता, वह्निवक्त्रा, गर्भनुत्. ही यादी म्हणजे वनस्पतीचं वर्णनच आहे. अग्निशिखा आणि वह्निवक्त्रा ही नावं फुलावरून आली. हल आणि लांगल म्हणजे नांगर, त्यावरून हलिनी आणि लांगली. हिचा कंद इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा, दोन बोटं फाकवावीत तसा असतो, हुबेहूब लहानसा लाकडी नांगर. विशल्या म्हणजे शल्य काढून टाकणारी. शल्य हा शब्द आपण आता मनातल्या सलासाठी वापरतो, पण जुन्या वैद्यकात शरीरात रुतलेला काटा, बाण, आणि पोटात अडलेलं मूलही शल्यच. गर्भनुत् तर सरळच आहे: गर्भाला बाहेर ढकलणारी. मराठीतही कळलावीबरोबर वाघचबका, इंदई, खड्यानाग अशी नावं आहेत. खड्यानागातल्या नागामुळे एक घोटाळा होतो, तो इथेच मिटवू. हिमालयातला बचनाग ही वेगळी वनस्पती आहे. तिचं विष मुख्यतः हृदयाच्या ठोक्यांवर हल्ला करतं. कळलावीच्या विषाची तऱ्हा निराळी.

शास्त्रज्ञांचं नावही कौतुकाचंच आहे. स्वीडनचा वनस्पतीशास्त्रज्ञ लिनियस याने १७५३ साली हिला 'ग्लोरिओसा सुपर्बा' म्हटलं. त्याआधीच केरळच्या वनस्पतींवरच्या 'होर्टुस मलाबारिकुस' या डचांनी करवून घेतलेल्या लॅटिन ग्रंथात ती 'मेंदोनी' या मल्याळी नावाने नोंदली गेली होती. झिम्बाब्वेचं हे राष्ट्रीय फूल. तो देश दक्षिण ऱ्होडेशिया होता तेव्हा, १९४७ साली, तिथून राजकन्या एलिझाबेथला एकविसाव्या वाढदिवसाला या फुलाच्या आकाराचा हिऱ्यांचा ब्रोच भेट मिळाला होता. आफ्रिकेच्या माळापासून सह्याद्री आणि श्रीलंकेपर्यंत ही वेल आपली आपण उगवते. शहरात मात्र ती नर्सरीतून येते, 'ग्लोरी लिली' किंवा 'फ्लेम लिली' नावाने, आणि तिथे तिला घराबाहेर काढायला कोणाची आजी उभी नसते. मला काळजी वाटते ती इथेच.

फूल नीट बघितलं तर तासभर सहज जातो. कळी खाली मान घातलेली, हिरवी. उमलताना सहाही पाकळ्या मागे, वर वळतात आणि फूल जणू उलटं होतं. पहिल्या दिवशी पाकळ्या हिरवट पिवळ्या असतात. मग टोकाकडून लाली उतरू लागते, अर्धी पिवळी अर्धी लाल अशी ती प्रसिद्ध ज्वाळा दिसते, आणि आठवडा संपेपर्यंत सगळं फूल गडद लाल होतं. म्हणून एकाच वेलावर तीन-चार वेगळ्या रंगांची फुलं दिसतात. ती सगळी एकच, वयं वेगळी. सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे आडवे पसरतात. मधली स्त्रीकेसराची दांडी तर मुळाशीच काटकोनात वळून एका बाजूला निघून जाते, स्वतःचेच पराग स्वतःवर पडू नयेत म्हणून. फुलपाखरू मधाकडे जाताना त्याच्या पंखांना पराग लागतात आणि दुसऱ्या फुलाच्या त्या वाकड्या दांडीला पुसले जातात. वेल चढते तीही पानांच्या टोकांनी. प्रत्येक पान टोकाशी निमुळतं होत जाऊन वेटोळं घेतं आणि हाताला लागेल त्या काटकीला धरतं. ही खूण लक्षात ठेवा. फुलं नसतानाही वेल ओळखायची तर पानाच्या टोकाचं हे वेटोळं बघायचं.

आता विष. वेलीच्या सगळ्या भागांत ते आहे, कंदात आणि बियांत सर्वात जास्त. त्याचं नाव कोल्चिसिन. १८२० साली पेलेतिए आणि काव्हाँतू या दोघा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ते पहिल्यांदा वेगळं काढलं, पण कळलावीतून नव्हे, कोल्चिकम नावाच्या युरोपातल्या एका जांभळट फुलाच्या कंदातून. ते फूल कळलावीचं भावंडच आहे, दोघींचं कुळ एक.

कोल्चिसिन काय करतं हे कळलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं, म्हणून इथे जरा थांबू.

आपल्या प्रत्येक पेशीत बारीक नळ्यांचं जाळं असतं. लग्नाच्या मांडवाला बांबू असतात तसं समजा. फरक इतकाच की मांडवाचे बांबू एकदा पुरले की लग्न होईपर्यंत जागचे हलत नाहीत, पेशीतल्या नळ्या मात्र सारख्या बांधल्या जातात आणि सारख्या सुटतात. ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या विटा एका टोकाला जोडल्या जातात, दुसऱ्या टोकाला गळतात. या नळ्यांवरून पेशीतला माल इकडून तिकडे जातो, पेशीला आकार राहतो. पण त्यांचं सर्वात मोठं काम पेशी दुभंगताना असतं. एका पेशीच्या दोन व्हायच्या वेळी आतल्या गुणसूत्रांच्या दोन प्रती तयार होतात आणि मधोमध रांगेत उभ्या राहतात. दोन्ही टोकांकडून नळ्यांचे दोर येऊन त्यांना धरतात आणि एक प्रत इकडे, एक तिकडे ओढतात. रस्सीखेच झाली, वाटणी झाली, मग मधे भिंत पडते.

कोल्चिसिन जाऊन नेमकं ट्यूब्युलिनच्या विटेला चिकटतं. अशी चिकटलेली वीट नळीच्या टोकाला बसली की पुढची वीट बसत नाही. दोर तयारच होत नाहीत. गुणसूत्रं रांगेत उभी, ओढायला कोणी नाही. पेशी अर्ध्या वाटेवर अडकते आणि बहुतेक वेळा मरते.

मग शरीरात आधी कोणाला फटका बसणार? ज्या पेशी सर्वात भराभर दुभंगतात त्यांना. आतड्याचं अस्तर काही दिवसांत नवं होतं. हाडांच्या मगजात रक्तपेशींचा कारखाना अहोरात्र चालू असतो. केसांच्या मुळाशी पेशी सतत वाढत असतात. कळलावीच्या विषबाधेचा क्रम याच ओळीने जातो. कंद खाल्ल्यावर पहिले काही तास अनेकदा काहीच होत नाही. मग तोंडाची, घशाची जळजळ, उलट्या, पोटात मुरडा, पाण्यासारखे जुलाब. एक-दोन दिवसांनी जुलाब थांबतात, माणसाला वाटतं सुटलो, आणि तेव्हाच आतून मूत्रपिंड, यकृत, हृदय ढासळू लागतात. पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या पेशी घटतात, जंतुसंसर्ग होतो, कुठूनही रक्त येऊ लागतं. यातून जो वाचतो त्याचे दोन-तीन आठवड्यांनी डोक्यावरचे केस पुंजक्या-पुंजक्यांनी गळतात. ते पुढे परत येतात. पूर्वी घरात ही गत झालेली पाहणाऱ्यांनी तिला केवढा मोठा कोप समजलं असेल, याची मला कल्पना येते.

प्रमाण किती, हे सांगायलाच हवं. विषबाधेवरच्या वैद्यकीय लिखाणात १० ग्रॅम कंदात सुमारे ६ मिलिग्रॅम कोल्चिसिन असा आकडा येतो. जागेनुसार, ऋतूनुसार तो कमीजास्त होतो. औषध म्हणून मिळणारी कोल्चिसिनची गोळी असते अर्ध्या मिलिग्रॅमची. म्हणजे अंगठ्याएवढ्या तुकड्यात बारा गोळ्या. शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे ०.८ मिलिग्रॅमच्या वर विष गेलं तर माणूस सहसा वाचत नाही, आणि त्याहून बरंच कमी जाऊनही मृत्यू झालेले आहेत. उकडून किंवा भाजून हे विष जात नाही. श्रीलंकेत रताळं किंवा दुसरा खाण्याचा कंद समजून हे कंद उकडून खाल्ल्याच्या आणि त्यात माणसं दगावल्याच्या नोंदी आहेत. आपल्याकडेही पावसाळ्यानंतर करांदे, कणगर असे खायचे कंद खणून काढणारी माणसं आहेत, म्हणून हे त्यांच्यासाठी मुद्दाम सांगते.

यावर उतारा नाही. विष रक्तातून पटकन पेशींत मुरतं, त्यामुळे डायलिसिसनेही ते काढता येत नाही. डॉक्टरांच्या हातात असतं ते लवकर आलेल्या रोग्याच्या पोटातलं विष शोषून घ्यायला औषधी कोळसा देणं, सलाईन, रक्तदाब सांभाळणं, पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शनं, आणि शरीर स्वतः सावरेपर्यंत त्याला धरून ठेवणं. म्हणून कोणी, विशेषतः मुलाने, कंद किंवा बिया खाल्ल्याची शंका जरी आली तरी उलटी होईपर्यंत वाट बघायची नाही. घरी मीठपाणी पाजत बसायचं नाही. वेलीचा तुकडा पिशवीत घेऊन सरळ मोठं रुग्णालय गाठायचं. नुसतं फूल हातात धरल्याने कोणी मरत नाही, हेही सांगते, नाहीतर लोक वेल दिसली की कोयता घेऊन धावतील. चीक कातडीला लागून खाज, आग होऊ शकते. हात धुतले की पुरे. आजीचं म्हणणं एवढंच होतं.

आता बाळंतपणाच्या समजुतीकडे येते, कारण ती माझ्या मनाला सर्वात जास्त लागलेली आहे. दवाखाना दिवसभराच्या वाटेवर, पावसाने ओढे भरलेले, आत बाई दोन दिवस अडलेली. अशा वेळी सुईण कळलावीचा कंद सहाणेवर उगाळून नाभीवर, ओटीपोटावर लेप द्यायची, कुठे तळहातांना, तळपायांना लावायची, कुठे मूळ नुसतं अंगाला बांधायची. बाळ झालं की लेप लगेच पुसायचा, मूळ लगेच सोडायचं, हा नियम कडक. नाहीतर आतडीसुद्धा बाहेर येतील, असं सांगत. या बायकांना मी अडाणी म्हणणार नाही. त्यांच्या हातात जे होतं ते त्या वापरत होत्या, आणि 'लगेच पुसा' या नियमातून त्यांना धोका कळलेला होता हे स्पष्ट दिसतं. पण या लेपाने कळा येतात यावर भरवसा ठेवावा असा पुरावा नाही, आणि नाजूक किंवा सोललेल्या त्वचेतून विष आत जाण्याची भीती आहे. नको असलेला गर्भ पाडण्यासाठी कंद पोटात घेऊन बायका दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. कारण आता आपल्याला माहीत आहे: भराभर दुभंगणाऱ्या पेशी गर्भाच्या असोत की आईच्या, कोल्चिसिन भेद करत नाही. परंपरेतली ही एक गोष्ट आपण मनापासून सोडून द्यावी, असं मला वाटतं. आज त्या अडलेल्या बाईसाठी १०८ ला फोन लावायचा.

आयुर्वेदाने हिला उपविषांत, म्हणजे दुय्यम विषांत, बसवलं आहे. उपविषांची नेहमीची यादी अशी: रुई, शेर-निवडुंगाच्या जातीतली स्नुही, कळलावी, कण्हेर, गुंज, अफू, धोतरा. अफू सोडली तर बाकी सगळी आपल्या बांधावर, कुंपणात, परसात आहेत. रुईची पानं मारुतीला, धोतरा शंकराला, कण्हेर देवपूजेच्या परडीत. कळलावी गौरीला, आणि गोव्यात चतुर्थीला गणपतीच्या वर टांगतात त्या माटोळीत रानातल्या फळाफुलांबरोबर. विषारी झाडं देवाला वाहून आपल्या लोकांनी ती नष्ट होऊ दिली नाहीत आणि तोंडातही जाऊ दिली नाहीत, असं मी मानते. याला लेखी पुरावा मागाल तर माझ्याकडे नाही. वैद्यकात कंद वापरण्याआधी त्याचे तुकडे गोमूत्रात ठेवून शोधन, म्हणजे शुद्धी, करायला सांगितलं आहे. ते शिकलेल्या वैद्याचं काम. यूट्यूब बघून घरी करायचं नव्हे.

हेच विष औषधही आहे, आणि तेही त्याच एका कारणाने. गाऊट म्हणजे वातरक्त. यात युरिक ॲसिडचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साठतात, बहुधा पायाच्या अंगठ्यात, आणि पांढऱ्या पेशी त्यांच्यावर धावून जातात. सूज, लाली, चादरही सहन होत नाही अशा वेदना येतात त्या या धावपळीने. पांढऱ्या पेशीला धावायला, आतला दारूगोळा बाहेर काढायला त्याच नळ्या लागतात. अगदी थोडं कोल्चिसिन दिलं की त्यांचे पाय बांधले जातात आणि आग शमते. युरोपात गाऊटसाठी कोल्चिकमच्या कंदाचा वापर शतकानुशतकं चालत आला आहे. २०२३ साली अमेरिकेच्या औषध नियामकाने हृदयविकाराचा धोका कमी करायलाही रोज अर्धा मिलिग्रॅम कोल्चिसिन मान्य केलं, कारण रक्तवाहिन्यांच्या भिंतीतही अशीच धुमसती सूज असते. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर मात्र फार थोडं. मूत्रपिंड कमजोर असेल, किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखी अँटिबायोटिक सोबत चालू असेल, तर नेहमीची मात्राही जड जाऊ शकते. घरात कोणाला ही गोळी चालू असेल तर नवं औषध घेताना डॉक्टरांना ती दाखवा.

आणि कलिंगड. १९३७ साली ब्लेक्सली आणि एव्हरी या अमेरिकी शास्त्रज्ञांनी दाखवलं की रोपांना कोल्चिसिन दिलं की त्यांच्या गुणसूत्रांची संख्या दुप्पट होते. का, ते आता ओळखता येईल: प्रती तयार झाल्या, ओढायला दोर नाहीत, वाटणी झालीच नाही, दुप्पट माल एकाच पेशीत राहिला. प्राण्याची पेशी यात सहसा मरते, वनस्पतीची बऱ्याचदा तगून जाते. साध्या कलिंगडात २२ गुणसूत्रं. कोल्चिसिनने ती ४४ करता येतात. ४४ वाल्याचा २२ वाल्याशी संकर केला की ३३ वालं बी मिळतं. तेहतीसच्या दोन समान वाटण्या होत नाहीत, म्हणून त्या वेलीच्या फळात धड बी धरत नाही. जपानच्या हितोशी किहारा यांनी या हिशोबातून बिनबियांचं कलिंगड उभं केलं. उन्हाळ्यात बाजारात असं कलिंगड कापलेलं बघते तेव्हा मला गडग्यावरची ज्वाळा आठवतेच.

कोल्चिसिनसाठी कळलावीची शेतीही होते, तमिळनाडूत. दिंडिगुल, तिरुप्पूर, करूर या भागांतले शेतकरी बियांसाठी ती लावतात आणि बिया औषधकंपन्यांकडे, परदेशात जातात. फुलातली ती वाकडी दांडी आठवते ना? तिच्यामुळे आपोआप फळधारणा कमी होते, म्हणून सकाळच्या वेळी माणसं ओळीओळीने फिरत एका फुलाचे पराग दुसऱ्याच्या दांडीला हाताने लावतात. फुलपाखराचं काम, फूल-फूल करून.

तमिळ माणसाचं या फुलाशी नातं आपल्याहून जुनं आणि मोकळं आहे. तिथलं हे राज्यफूल. तमिळमध्ये कळलावी म्हणजे कांदळ (आपली खाडीतली कांदळ नव्हे). लाल कांदळ म्हणून 'सेंगांदळ', आणि कार्तिकात फुलतं म्हणून 'कार्तिगैप्पू', कारण त्यांचा मोठा पाऊस तेव्हा. संगमकाळातल्या, म्हणजे प्राचीन तमिळ साहित्यातल्या, 'कुरिंजिप्पाट्टु' या काव्यात कवी कपिलर रानातल्या मुलींनी वेचलेल्या ९९ फुलांची नावं घेतो, आणि पहिलं नाव कांदळाचं. संगम कविता स्त्रीच्या लांबसडक बोटांना कांदळाच्या पाकळ्यांची उपमा देते, आणि मुरुगनच्या, म्हणजे आपल्या कार्तिकेयाच्या, गळ्यात कांदळाची माळ असते. हे वाचलं तेव्हा मी दचकले. तिकडे बोटं, इकडे गौरीचे हात. कोकणातल्या आमच्या आजीने तमिळचा एक शब्द कधी ऐकला नसेल. फुलाकडे नीट बघितलं की कोणालाही तळहात उघडल्यासारखं दिसत असणार.

पौषापर्यंत वेल वाळते. बोटाएवढी फळं तडकतात आणि आतून शेंदरी-लाल गोल बिया दिसतात, गोळीचॉकलेटसारख्या. लहान मुलांच्या घरात ही वेल लावली असेल तर फळं हिरवी असतानाच काढून टाकावीत. मातीखाली जुना कंद झिजून जातो आणि त्याच्याजागी नवा, दोन फाट्यांचा तयार झालेला असतो. तो मिरगापर्यंत झोपतो. रानातून औषधाच्या नावाने कंद खणून नेतात तेव्हा पुढच्या वर्षीची वेलच जाते, कारण जमिनीखाली दुसरं काही उरतच नाही.

गेल्या मे महिन्यात, आगोटीच्या आधी, आम्ही गडगा दुरुस्तीला काढला. दोन-तीन चिरे हलवल्यावर गड्याच्या पहारीला काहीतरी लागलं. "ताई, कणगर गावली," म्हणत त्याने ते वर काढलं. तपकिरी, गुळगुळीत, वीतभर लांब, दोन फाटे, प्रत्येक फाट्याच्या टोकाला एक इवलासा पांढरा कोंब. पहारीने एक कोपरा सोलला होता, आत पांढरं.

"दादा, कणगर नाही ती. कळलावी आहे."

कोल्चिसिनबद्दल काही सांगायला मी तोंड उघडणार होते. त्याची गरज पडली नाही. नाव ऐकताच त्याने कंद खाली ठेवला. "मग घरात नको," म्हणाला, आणि विहिरीवर जाऊन हात धुऊन आला. कामाला लागण्याआधी त्यानेच करवंदीच्या मुळाशी पहारीने खड्डा केला, गवताच्या चुडीत धरून कंद आत आडवा ठेवला, माती लोटली आणि वर खूण म्हणून चिऱ्याचा एक तुकडा ठेवला.